गाडी कुणाच्या मापाने वाढली?

(तालुका बैठकीत झालेले भाषण. जिल्हा मेळाव्यासाठी शब्दांकन करून देत आहोत.)



आज ज्वारीच्या भावावर बोलायचे असे ठरले होते. तो विषय पुढच्या वेळी घेऊ, कारण गेल्या पंधरवड्यात तीन गावांच्या गटांकडून मला एकच निरोप आला. गटाच्या नावावर पिकअप घ्यायची आहे, कर्जाचे कागद तयार आहेत, गाडी दोन टन पासिंगची आहे, नारळ फोडायला तुम्ही या. मी तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला, दोन टन कशाला? दोन गावांत कुणी काही बोलले नाही. तिसऱ्या गावात एक तरुण म्हणाला, "आता बारकी गाडी कोण घेतंय साहेब? समदी मोठीच घेत्यात."

त्याचे म्हणणे खोटे नाही. आज येताना मंडपाबाहेरच्या गाड्या मी मोजल्या. पिकअप अकरा आणि छोटा हत्ती एक. बैलगाडी एकही नाही. वीस वर्षांपूर्वी हेच गणित उलटे असते. म्हणून आज एवढ्या एकाच प्रश्नावर बोलतो, की या गाड्या वाढत कशा गेल्या? आपला माल वाढला म्हणून वाढल्या का? एकरी उतारा दुप्पट झाला आणि मला कुणी सांगितलेच नाही, असे काही घडले आहे का?

बैलगाडीपासून सुरुवात करू. बैलगाडीचे माप ठरायचे ते बैलजोडीच्या ताकदीवर आणि गावच्या गाडीवाटेवर. सुतार तुमचे रान बघून साटा करायचा. लोखंडी धावेचे चाक जाऊन रबरी टायर आला, तेव्हा तीच जोडी जास्त ओझे ओढू लागली. गाडी सुधारली, पण माप तेच राहिले, कारण बैल तेच आणि वाट तीच.

नंतर टेम्पो आला. टेम्पो हा शब्द आपण मराठी असल्यासारखा वापरतो, पण ते जर्मनीतल्या एका कंपनीचे नाव. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी त्या कंपनीशी करार करून बजाज टेम्पो सुरू केली आणि तीन चाकांची गाडी काढली. पुढे तिचा कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. १९६९ मध्ये मॅटॅडोर आली. आपल्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांनी मॅटॅडोरच्या मागे उभे राहून बाजार केलेला आहे. १९८८ साली टेल्कोने टाटामोबाईल नावाची पिकअप काढली, तिच्याच घराण्यातली पुढे २०७ आली. महिंद्राची जीप होतीच. तिला मागे हौदा लावून माल वाहणे आपल्याकडे जुने आहे. २००० साली बोलेरो आली आणि त्या नावाची पिकअपही आली.

मे २००५ मध्ये टाटा एस आली, आपला छोटा हत्ती. पुण्यात घडलेली गाडी. दोन सिलिंडर, सोळा हॉर्सपॉवर, पासिंग ७५० किलो, म्हणजे साडेसात क्विंटल. लांबी ३.८ मीटर, रुंदी दीड मीटर. आपल्या गल्लीबोळात शिरून जागच्या जागी वळावी अशी. तीन चाकी हाकणाऱ्या माणसाला चार चाकांचा मालक करणारी ही गाडी होती, आणि ती खपली तीही त्याच माणसाला.

त्यानंतरचे आकडे नीट ऐका. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, सव्वा टन. २०१९ मध्ये टाटाची इंट्रा एक टनापासून सुरू झाली आणि वाढत दीड टनाच्या पुढे गेली. २०२० मध्ये बडा दोस्त आली, तिचे मोठे मॉडेल एक टन आठशे किलोचे. २०२२ मध्ये योद्धा दोन टनांची झाली. २०२३ मध्ये बोलेरो मॅक्सची नवी मालिका आली, तिच्यातही दोन टनांचे मॉडेल आहे, हौदा दहा फुटांचा आणि गाडी पाच मीटरच्या वर लांब. साडेसात क्विंटलवरून वीस क्विंटल. अठरा वर्षांत.

आपल्या कोरडवाहू ज्वारीचे काय झाले? मी राहुरीला शेतकी शिकलो. तेव्हाही मालदांडी शिकवत होते. मोहोळच्या केंद्रावर निवड होऊन तयार झालेले हे वाण, वय नव्वदीच्या आसपास. आजही तुमच्या निम्म्या रानात तेच आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, फार आनंद झाला. पण मानांकनाने कणसात दाणे भरत नाहीत. चांगल्या सालात एकरी तीन-चार क्विंटल, वाईट सालात नुसता कडबा. म्हणजे गाडी अडीचपट झाली ती तुमच्या-माझ्या ज्वारीमुळे नाही.

मग कशामुळे? पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. गाडीला काही खर्च असे असतात की गाडी लहान असो की मोठी, ते तेवढेच राहतात. ड्रायव्हर एकच लागतो. तो लहान गाडीसाठी अर्धा पगार घेत नाही. विम्याचे बघा. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता २०२२ च्या दरपत्रकात माल वाहणाऱ्या चारचाकीसाठी साडेसात टन एकूण वजनापर्यंत सरसकट १६,०४९ रुपये धरलेला आहे. छोटा हत्तीही तेवढेच भरतो आणि त्याच्या चौपट वजनाचा टेम्पोही तेवढेच भरतो. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आले. डिझेलचा धूर स्वच्छ करायची जी यंत्रणा बसवावी लागते, तिचा खर्च दहा लाखांच्या गाडीत जिरतो, चार-पाच लाखांच्या गाडीत डोळ्यांवर येतो. म्हणून लहान गाड्या डिझेल सोडून पेट्रोल, सीएनजी आणि बॅटरीकडे वळल्या, आणि डिझेलवाला माणूस मोठ्या गाडीकडे सरकला.

आता भाड्याचा हिशेब मांडू. आकडे मी समजण्यासाठी धरतो, तुम्ही तुमचे घाला. गावापासून सोलापूरचे मार्केट यार्ड साठ किलोमीटर. लहान गाडीचे भाडे १,५०० रुपये, माल साडेसात क्विंटल, म्हणजे क्विंटलला २०० रुपये. मोठ्या गाडीचे भाडे २,४०० रुपये, माल वीस क्विंटल, म्हणजे क्विंटलला १२० रुपये. मोठी गाडी स्वस्त पडली. व्यापारी, आडत्या, डाळिंबवाला, दूधवाला, सगळे हा हिशेब करतात आणि मोठी गाडी घेतात. त्यांचे चुकत नाही. पण तुमच्याकडे आठ क्विंटल ज्वारी असेल तर? गाडी तेवढीच जाणार, तेवढेच डिझेल जाळणार. २,४०० भागिले आठ, म्हणजे क्विंटलला ३०० रुपये. मोठी गाडी भरली तरच स्वस्त. कोरडवाहू माणसाची गाडी भरत नाही, हे आपले जुने दुखणे आहे.

दुसरे कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पासिंग एक टनाचे आणि माल दोन टनांचा. गाडी घेतली की मालक आधी पाटे वाढवून घेतो, मग देवाला जातो. कंपन्यांचे लोक हे बघतात. आपली गाडी रस्त्यावर काय उचलते हे त्यांना ठाऊक असते. काल जो ओव्हरलोड होता, तोच नव्या मॉडेलमध्ये मजबूत चेसिस देऊन कागदावर आणायचा आणि नवे पासिंग म्हणून विकायचा. त्यात २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला आणि ओव्हरलोडचा दंड दोन हजारांवरून वीस हजारांवर गेला, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. धंद्यातल्या माणसाला मग कागदावरच मोठी असलेली गाडी परवडू लागली. आणि अजून दोन वर्षांनी या दोन टनांच्या गाडीत किती माल भरलेला असेल, हे मी सांगायला नको.

तिसरे कारण कायद्याच्या रेघांचे. कायदा कुठेतरी आकड्याची रेघ मारतो आणि कारखानदार त्या रेघेला चिकटून गाडी बांधतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ६६ प्रमाणे तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला परमिट लागत नाही. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून. घरी जाऊन कुणाच्याही पिकअपचे आरसी बुक काढून बघा. बऱ्याच गाड्यांचा आकडा तीन हजारांच्या थोडा अलीकडे येऊन थांबलेला दिसेल. इंट्राचे दीड टनाचे मॉडेल आहे, त्याचे एकूण वजन २,९४० किलो. योगायोगाने असे होत नाही. दुसरी रेघ लायसनची. हलक्या वाहनाचे लायसन साडेसात टनांपर्यंत चालते, त्याला वेगळा बॅज लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केले. म्हणजे लहान गाडी चालवणाऱ्या पोराला मोठ्या गाडीवर बसायला कायद्याची आडकाठी उरली नाही.

कायद्याच्या रेघेने चाकाची दिशा बदलते हे कापूसवाल्यांना नव्याने सांगायला नको. १९७२ मध्ये एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि जवळजवळ तीस वर्षे चालली. राज्याच्या हद्दीपलीकडे भाव जास्त, इकडे कापूस बाहेर न्यायला बंदी. तेव्हा कापूस कुठल्या वाटेने आणि किती वाजता निघायचा? ती वाट इंजिनियरने आखलेली नव्हती.

याच गोष्टीचा मोठा नमुना अमेरिकेत बघायला मिळतो. तिकडे पिकअप ही शेतकऱ्याची गाडी म्हणून जन्मली. पुढे दोन माणसांची केबिन, मागे आठ फुटांचा हौदा. आजची तिकडची पिकअप चित्रात बघा. चार दरवाजे, आत सोफा, आणि मागे साडेपाच फुटांचा हौदा. कडब्याच्या पेंढ्या आडव्या टाकायच्या म्हटल्या तरी फाळका उघडा ठेवावा लागेल. गाडी वाढली आणि माल ठेवायची जागा कमी झाली.

तिथेही कायद्याच्या रेघा आहेत. १९७५ साली धुराचा नवा नियम आला, तो सहा हजार पौंड, म्हणजे साधारण २,७०० किलो एकूण वजनाच्या आतल्या गाड्यांना लागू होता. फोर्ड कंपनीने त्या रेघेच्या जरा वर वजनाची नवी पिकअप काढली, एफ-१५०. आज तिकडे सगळ्यात ओळखीची पिकअप तीच आहे. त्याच १९७५ साली तेलाच्या टंचाईनंतर गाडीने एका गॅलनमध्ये किती मैल जावे याचा कायदा झाला. त्यात मोटारीला कडक आणि पिकअपला सैल नियम. पुढे २००६ मध्ये पिकअपचा नियम चाकांमधल्या जागेवर बांधला. चारही चाकांच्या आत जेवढी जमीन मावते तेवढी मोजायची, जागा जास्त तर इंधनाची अट सैल. मग कारखानदाराने काय करावे? इंजिनावर डोके खपवण्यापेक्षा चाके लांब ठेवणे सोपे. गाडी मोठी झाली.

आणि सगळ्यात मजेची गोष्ट कोंबडीची आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी युरोपात जाऊ लागली. जर्मनी आणि फ्रान्सच्या कोंबडीवाल्यांनी ओरड केली, त्यांच्या सरकारांनी आयातकर लावला. उलट उत्तर म्हणून अमेरिकेने बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके मालट्रक यांवर २५ टक्के आयातकर बसवला. १९६४ साली तो लागू झाला. कोंबडीचे भांडण मिटले, त्यालाही साठ वर्षे झाली, पण ट्रकवरचा २५ टक्के कर अजून तसाच आहे. त्यामुळे बाहेरच्या लहान, स्वस्त पिकअपला तिकडे जाणे अवघड झाले आणि तिथल्या कारखान्यांना मोठी, महाग, जास्त नफ्याची गाडी बनवायला मोकळे रान मिळाले. शेतमालाच्या भांडणात सरकारे काय करतात आणि ते कुणाला किती वर्षे भोवते, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता तिथला शेतकरी काय करतो? त्याला बांधावर खत न्यायला, कुंपणाचे खांब न्यायला लहान गाडी हवी असते. म्हणून काही जण जपानमधून पंचवीस वर्षांची जुनी बारकी गाडी मागवतात, कारण पंचवीस वर्षे झाली की तिकडचे आयातीचे नियम सैल होतात. जपानच्या कायद्याने त्या गाडीची रेघ उलट बाजूने मारली आहे. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी आणि माल ३५० किलो, याच्या वर जायचे नाही. त्या रेघेच्या आत राहणाऱ्याला करात सवलत. कित्येक एकरांचा धनी असलेला अमेरिकन शेतकरी पाव शतकाची जुनी जपानी गाडी धुऊन-पुसून वापरतो, कारण त्याच्या देशात त्याच्या मापाची गाडी बनत नाही.

अमेरिकेत केबिन वाढली, आपल्याकडे हौदा वाढला. तिथे घेणारा पगारदार आहे, तो गाडीत बसतो. आपल्याकडे घेणारा भाडेवाला आहे, तो हौद्यावर कमावतो. दोन्हीकडे शेतकऱ्याला विचारून काही झालेले नाही, एवढे मात्र सारखे.

आता आपल्या मालाकडे येऊ. मी शेतीचा पदवीधर, म्हणून हा भाग जरा सावकाश सांगतो. माल दोन प्रकारचे असतात. एक असा की जागा भरायच्या आधी वजन भरते, दुसरा असा की वजन भरायच्या आधी जागा भरते. ज्वारीची पोती पहिल्यातली. छोट्या हत्तीच्या सात फुटी हौद्यात आठ पोती टाकली तर वजन संपले, वर आभाळ मोकळे. कापूस आणि कडबा दुसऱ्यातले. कापूस कितीही तुडवून भरा, गाडी दिसायला डोंगराएवढी आणि काट्यावर हलकी. कडब्याचे तर विचारूच नका. दोन टन पासिंगची गाडी कडब्याने भरली तरी पासिंगच्या जवळ जात नाही. म्हणजे कडबेवाल्याला आणि कापूसवाल्याला गाडीचे पासिंग कामाचे नाही. त्याला लागतो लांब हौदा आणि बाजूला उंच जाळी. आता बाजारात लांब हौदा मिळतो तो जास्त पासिंगच्याच गाडीत. हौदा हवा तर जाडजूड चेसिस, ऐंशी हॉर्सपॉवर आणि तेवढे कर्ज बरोबर घ्यावे लागते. हे मी गाडी विकणाऱ्याला बोलून दाखवले. तो हसून म्हणाला, "कडबा हा काय आमचा ग्राहक नाही."

त्याचा ग्राहक कोण? उजनीच्या पाण्यावरचे डाळिंब, दूध, कांदा, सिमेंट, गॅसच्या टाक्या, पाण्याचे जार. १९८० साली उजनीचे धरण झाले, कालव्याखालचा माणूस वर्षभर माल काढतो, त्याच्या गाडीला वर्षभर खेप आहे. मला त्याचा मत्सर नाही. पण त्याच्या मापाची गाडी आपण घेऊन बसलो, तर हप्ता मात्र आपल्याच मापाच्या उत्पन्नातून जाणार आहे.

तिन्ही गटांनी हा हिशेब वहीत उतरवून घ्या. नऊ लाखांचे कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता एकोणीस हजारांच्या पुढे जातो, वर्षाचे दोन लाख बत्तीस हजार धरा. ड्रायव्हर महिन्याला पंधरा हजार, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. विमा आणि किरकोळ मिळून चाळीस हजार. झाले साडेचार लाख. महिन्याला साडेसदतीस हजार, डिझेलचा थेंबही न जाळता. आता २,४०० रुपयांच्या खेपेतून डिझेल, टायर, ऑईलचे हजार रुपये वजा करा. उरले १,४००. साडेसदतीस हजार भरून काढायला महिन्याला सत्तावीस खेपा हव्यात. दर महिन्याला. आषाढातसुद्धा.

तुमच्या गावात विकायला ज्वारी काढणारी साठ घरे धरू, घरटी दहा क्विंटल. सहाशे क्विंटल झाली. दोन टनांची गाडी भरभरून नेली तर तीस खेपा. अख्ख्या गावाची वर्षाची ज्वारी म्हणजे या गाडीचा एक महिना. उरलेले अकरा महिने ती काय ओढणार?

काय ओढते ते मी पाहिले आहे. गावाचे नाव सांगत नाही, त्यातले काही जण इथे बसलेले आहेत. सात वर्षांपूर्वी त्या गटाने अशीच मोठी गाडी घेतली. मीच पुढे होतो, नारळ मीच फोडला, आणि तेव्हा मी हा हिशेब केला नव्हता. पहिल्या सुगीत गाडी गावाची होती. पावसाळ्यात खेपा थांबल्या, तेव्हा हप्त्यासाठी ती डाळिंबाच्या व्यापाऱ्याकडे महिन्याच्या बोलीवर लावली. पुढच्या सुगीत ज्वारी न्यायची वेळ आली तर गाडी व्यापाऱ्याच्या दारात. गटाच्या लोकांनी दुसऱ्याची गाडी भाड्याने करून आपला माल नेला. त्यानंतर गाडी वाळूला लागली, एका रात्री पकडली, दंड झाला. तीन हप्ते थकले. फायनान्सची माणसे आली आणि चावी घेऊन गेली. गटाचे भागभांडवल गेले, ते गेलेच. त्या गटातल्या दोन बायांनी गाडीच्या डाऊन पेमेंटसाठी बचत गटातून पैसे उचलले होते. त्यांची परतफेड त्या अजून मजुरीतून करत आहेत. त्यांच्यासमोर बसायला मला जड जाते.

एक रस्त्याचीही गोष्ट आहे. महसुली नकाशात गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा आणि पायमार्ग सव्वाआठ फुटांचा धरलेला असतो. नकाशावर. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी नांगराचे एकेक तास आत घेत घेत आपणच त्याची बोळकांडी केली आहे, हे सरकारच्या नावावर घालू नका. पाच मीटरची गाडी अशा वाटेत शिरली तर वळत नाही, उलटी बाहेर काढावी लागते. रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, बांधावरून रस्ता हवा असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर व्हावी असाही निर्णय काढला. अर्ज करा. पण रस्ता होईपर्यंत गाडी रानातूनच जाणार आहे, आणि त्याबद्दल मला शेतीवाला म्हणून एक सांगायचे आहे.

चाकाखाली वरची माती किती दाबली जाते हे टायरमधल्या हवेवर असते. खोलवरची माती किती दाबली जाते हे आसावरच्या वजनावर असते. वरचा थर तुम्ही कुळवाने मोकळा कराल. नांगराच्या फाळाखाली जो थर घट्ट होतो, तो तसाच राहतो. रब्बी ज्वारी जगते ती खोलवर साठलेल्या ओलीवर. मुळी खाली गेली नाही तर पीक पोटरीत येतानाच मान टाकते. ज्वारीची काढणी होते फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा रान कोरडे, भेगाळलेले असते, भरलेली गाडी गेली तरी फार बिघडत नाही. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि तेव्हा काळ्या रानाच्या पोटात ओल असते. त्या वेळी भरलेली मोठी गाडी रानात घालू नका. माल डोक्यावरून, बैलगाडीतून किंवा छोट्या गाडीतून बांधापर्यंत आणा आणि मोठी गाडी रस्त्यावर उभी ठेवा.

मोठी गाडी घेऊच नका, असे मी म्हणत नाही. ज्या गटाकडे महिन्याला पंचवीस-तीस खेपांचा माल आहे, दूध आहे, कांदा आहे, भाजी आहे, त्याने जरूर घ्यावी. बाकीच्यांना दोन वाटा दिसतात. एक म्हणजे गाडी विकत न घेता भाड्याची मोठी गाडी भरून न्यायची. तीन घरांची ज्वारी एका दिवशी एका गाडीत घातली की क्विंटलला १२० रुपयेच पडतात, कर्ज शून्य. त्यासाठी पोत्यावर नाव घालावे लागते, एकमेकांच्या वजनावर विश्वास ठेवावा लागतो आणि "माझी आधी" हे सोडावे लागते. अवघड आहे, मला माहीत आहे. दुसरी वाट लहान गाडीची. जून २०२५ मध्ये टाटाने एस प्रो नावाची गाडी काढली, पेट्रोलची, पासिंग पुन्हा साडेसात क्विंटल, काढली तेव्हा किंमत चार लाखांच्या आसपास सुरू होत होती. वीस वर्षांनी कारखानदार परत त्याच मापाला आला. त्याने ती आपल्यासाठी काढलेली नाही, शहरातल्या पार्सलवाल्यांसाठी काढली असणार. पण आपल्या मापाशी जुळते आहे तर बघायला हरकत नाही. तिच्याही हप्त्याचा असाच हिशेब करून बघा.

माणसांबद्दलही एक बोलून घेतो. मालाचा मालक मालाबरोबर केबिनमध्ये बसून गेला, तर १९९४ पासून कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो विम्यात धरला जातो. हौद्यात पोत्यांवर बसलेली बारा माणसे धरली जात नाहीत. हौदा दहा फुटांचा झाल्यापासून वेचणीच्या बाया त्यातून उभ्याने नेतात. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि गाडीमालक, म्हणजे उद्या तुमचा गट, कोर्टात उभा राहतो. गाडी गटाची असेल तर हौद्यात माणूस चढवायचा नाही, असा ठराव खरेदीच्या आधी करा. बायांनी हा ठराव मांडावा असे मला वाटते, कारण उभ्याने जातात त्या.

तिन्ही गटांना माझी विनंती आहे. डाऊन पेमेंट अजून भरलेले नाही, तेवढे एक महिना थांबवा. शंभर पानी वही घ्या. गेल्या सुगीपासून गावातून कुठला माल, कुणाचा, किती क्विंटल, कुठल्या महिन्यात, कुठे गेला, भाडे काय दिले, परत येताना गाडी रिकामी आली की भरून, हे घरोघर विचारून लिहा. खत, बी, किराणा येताना आणला असेल तर तेही लिहा. कडबा आणि कापूस वेगळ्या पानावर, आणि त्यात वजनाबरोबर गाडी किती भरली तेही लिहा. पुढच्या बैठकीत वह्या घेऊन या, आपण बसून खेपा मोजू. तोवर माझा नारळ तसाच राहू द्या.